डोकं दुखलं की मनात थेट 'ट्यूमर'च येतो. ही भीती कशी आवरायची?

निशिगंध

नमस्कार. हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

मला अर्धशिशीचा त्रास कॉलेजपासून आहे. दुखायला लागलं की उजव्या डोळ्यामागे घण बसतात, उजेड सोसत नाही, उलटी होते. न्यूरॉलॉजिस्टनी नीट तपासलं, एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल आला, औषधं सुरू आहेत. त्यामुळे कृपया डोकेदुखीवरचे उपाय सुचवू नका, तो भाग डॉक्टरांकडे सोपवला आहे.

मला विचारायचंय ते या दुखण्याला चिकटलेल्या भीतीबद्दल. ठणका सुरू झाला की 'या वेळचं काहीतरी वेगळं आहे' हा विचार येतोच. मग आरशासमोर उभं राहून डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का बघायच्या, हसून तोंड वाकडं होतंय का बघायचं, दोन्ही हात वर धरायचे, बीपी मोजायचं. पहिला आकडा जास्त आला म्हणून परत मोजायचं, तर तो आणखी वर गेलेला. मग मोबाइलवर लक्षणं शोधत बसायचं. हल्ली तर दुखत नसतानाही माझं अर्धं लक्ष डोक्याकडेच असतं.

रिपोर्ट आला तेव्हा खूप हलकं वाटलं होतं, पण ते टिकलं नाही. 'तेव्हा नव्हतं, आता झालं असेल तर?' हे सुरू झालं. ज्यांनी हे सोसलंय किंवा घरात पाहिलंय त्यांनी लिहा. आणि खरंच धावपळ करायची वेळ कोणती, हे ओळखायचं कसं? मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न छळतो.

रानवारा

ताई, काळजी करू नका. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे विषय संपला. मन कशात तरी गुंतवा, नेटवर शोधणं बंद करा. सगळं ठीक होईल.

अर्धविराम

रानवारा, तुम्ही आपुलकीनं लिहिलंय. पण या त्रासातल्या माणसाला 'काळजी करू नका' हे वाक्य पाठ झालेलं असतं. ते ऐकलं की तासभर बरं वाटतं आणि मग ते पुन्हा ऐकावंसं वाटतं. मी यातून गेलोय. माझी भीती मेंदूतल्या रक्तस्रावाची होती.

निशिगंध, तुम्ही जे लिहिलंय त्याची साखळी 1986 मध्येच पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी मांडून ठेवली आहे. शरीरात काहीतरी जाणवतं, मन त्याचा सर्वांत वाईट अर्थ लावतं, भीती वाटते, आणि ती घालवायला आपण तपासतो, विचारतो, शोधतो. त्यानं क्षणभर सुटका होते. ही क्षणभराची सुटकाच मेंदूला शिकवते की धोका खरा होता आणि तपासलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त लवकर येते. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी हे कागदावर गोल काढून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं बीपीचं यंत्र माझ्या भीतीला खाऊ घालत होतं.

बीपीबद्दल एक सांगतो. थोडंफार वाढलेलं बीपी सहसा डोकेदुखीचं कारण नसतं. उलट वेदना आणि भीती दोन्हींमुळे बीपी वर जातं. त्या क्षणी मोजलेला आकडा तुमच्या घाबरण्याचाच असण्याची शक्यता जास्त. घरी बीपी मोजायचंच असेल तर शांत बसून, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी मोजायचं.

गवतफूल

वाचतेय. माझ्या मनातलं लिहिलंत निशिगंध.

स्टेथो

मी फिजिशियन आहे. इथे कोणाला तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण धावपळ कधी करायची हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर देता येतं.

आधी थोडं यंत्रणेबद्दल. मेंदूच्या पेशीजालाला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते मेंदूभोवतीचं आवरण, रक्तवाहिन्या, डोक्या-मानेचे स्नायू आणि या सगळ्यांच्या नसा. त्यामुळे वेदना किती तीव्र आहे यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही. अर्धशिशी माणसाला अंथरुणाला खिळवते, क्लस्टर डोकेदुखी (एका डोळ्याभोवती वारंवार उठणारं असह्य दुखणं) तर माणसाला येरझाऱ्या घालायला लावते, आणि दोन्हींत मेंदूत गाठ नसते. दुसरीकडे, ट्यूमरमध्ये फक्त डोकेदुखी आणि बाकी काहीच नाही असं क्वचित होतं. झटके येणं, एका बाजूची ताकद कमी होणं, बोलण्यात किंवा स्वभावात बदल अशी काहीतरी जोड बहुतेक वेळा असते.

म्हणून आम्ही 'किती दुखतंय' याच्या आधी 'कसं सुरू झालं आणि सोबत काय आहे' हे विचारतो. एका मिनिटाच्या आत शिखरावर पोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी म्हणजे लगेच इमर्जन्सी, मग ती पुढे ओसरली तरीही. अशा दुखण्यात पहिल्या 6 तासांत केलेला सीटी स्कॅन रक्तस्राव पकडण्यात फार भरवशाचा असतो, म्हणून 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. तसंच ताप आणि मान ताठ होणं, एका बाजूला लुळेपणा, बोबडं बोलणं, गोंधळलेपणा, शुद्ध हरपणं, झटका, अचानक दिसेनासं होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं वाढत जाणारं दुखणं (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विशेषच), गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेलं तीव्र दुखणं. यात वाट पाहायची नाही.

काही गोष्टी त्याच रात्री धावण्याच्या नाहीत, पण डॉक्टरांची वेळ घेण्याच्या आहेत: पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली डोकेदुखी, आठवड्यागणिक वाढत जाणारी, खोकल्यावर किंवा जोर केल्यावर उठणारी, आडवं झाल्यावर किंवा उभं राहिल्यावर ठळक बदलणारी, किंवा कर्करोग झालेल्या अथवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाची नवी डोकेदुखी.

आरसा आणि बाहुल्यांबद्दल: साधारण पाचातल्या एका निरोगी माणसाच्या दोन बाहुल्यांत किंचित फरक असतोच. तुम्ही रोज शोधत राहिलात तर तो एक दिवस सापडणार.

निशिगंध

स्टेथो, मनापासून आभार. तुमचं वाचून बरं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की हेही त्याच साखळीत बसतं. तासाभरात डोक्यात आलं, 'पण माझं कधीकधी पहाटे झोपेतून उठून दुखतं, ते मी सांगितलंच नाही.' ते इथे विचारावं की विचारू नये, हेच कळेनासं झालंय. परत एकदा एमआरआय करून घेतला तर हे थांबेल का?

तळटीप

परत स्कॅनबद्दल लिहितो, कारण नेमका हाच प्रश्न घेऊन अभ्यास झालेला आहे. रोजच्या जुनाट डोकेदुखीच्या 150 रुग्णांपैकी निम्म्यांना एमआरआयची सोय दिली, निम्म्यांना नाही. कोणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. 2005 मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्कॅन मिळालेल्यांची गंभीर आजाराची काळजी 3 महिन्यांनी कमी दिसली, 1 वर्षानंतर मात्र दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. म्हणजे तुम्हाला जे झालं ते तुमच्या मनाच्या कमकुवतपणामुळे झालेलं नाही. स्कॅननं मिळणारा दिलासा तेवढाच टिकतो.

दुसरी बाजूही बघा. रॉटरडॅमच्या 2000 सर्वसामान्य लोकांचे मेंदूचे एमआरआय केले होते (2007). सरासरी वय साठीच्या पुढचं. 1.8 टक्के लोकांत रक्तवाहिनीचा फुगवटा आणि 1.6 टक्के लोकांत साधी, कर्करोगाची नसलेली गाठ सापडली, आणि या लोकांना त्याचा काही त्रास नव्हता. नुसत्या भीतीपोटी स्कॅन केला आणि असं काही निरुपद्रवी दिसलं, तर आयुष्यभराचा नवा घोर. डॉक्टरांना गरज वाटली तर स्कॅन जरूर करावा. मनाला गरज वाटली म्हणून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांदणचुरा

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कोणी रागावू नका. माझ्या मोठ्या बहिणीला एका दवाखान्यात 'टेन्शन घेता, म्हणून दुखतं' असं सांगून घरी पाठवलं होतं. तिला शिरेत गुठळी झाली होती, आणि ते दुसऱ्या डॉक्टरांमुळे कळलं. ती आज बरी आहे. पण तेव्हापासून कोणी 'हे सगळं मनाचं आहे' म्हणालं की मला संताप येतो. बायकांचं दुखणं तर फार पटकन मनावर ढकललं जातं.

स्टेथो

चांदणचुरा, तुमचा संताप योग्य आहे. बहीण बरी आहे हे वाचून आनंद झाला. मेंदूच्या शिरेतली गुठळी बाळंतपणानंतर, हार्मोनच्या गोळ्यांवर असताना जास्त आढळते, आणि तिची डोकेदुखी पुष्कळदा दिवसांगणिक चढत जाते. 'टेन्शन' हे निदान नीट तपासणी केल्यावरच करायचं असतं. न तपासता ते चिकटवणं चूकच.

निशिगंध यांचं मात्र तसं नाही. त्यांची तपासणी झाली आहे, निदान झालं आहे आणि दुखण्याची तऱ्हा वर्षानुवर्षं तीच आहे. शिवाय ज्याला आरोग्याची चिंता आहे त्यालाही खरा आजार होऊ शकतो. म्हणून 'चिंता आहे ना, मग दुर्लक्ष करा' असा सल्ला मी कधीच देणार नाही. वेगळं काही घडलं तर दाखवायचंच. फक्त 'वेगळं' म्हणजे काय, हे डोकं शांत असताना आधी ठरलेलं हवं. ठणक्याच्या भरात ठरवायला बसलं तर सगळंच वेगळं वाटतं.

उंबर

मी नवऱ्याच्या बाजूनं लिहितो. हा त्रास माझ्या बायकोला आहे. मी वर्षानुवर्षं दर वेळी 'काही नाही गं, तेच नेहमीचं आहे' म्हणत आलो. ती रात्री उठवायची, मी टॉर्च लावून तिचे डोळे बघायचो. प्रेमापोटीच करायचो. पण होता होता तिला माझ्या बघण्याशिवाय झोपच लागेना आणि मी गावाला गेलो की तिचे हाल.

समुपदेशकांनी आम्हाला दोघांना बोलावलं. ठरलं असं की मी 'काही नाही' हे उत्तर द्यायचं नाही. हे एकदम, न सांगता बंद करायचं नव्हतं, तिच्या संमतीनं करायचं होतं. आता ती विचारते तेव्हा मी म्हणतो, 'तुला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे. आपल्या यादीतलं काही आहे का?' ती यादी डॉक्टरांकडून घेतलेली आहे. यादीतलं असेल तर गाडी काढायची, एक शब्द न बोलता. नसेल तर मी तिच्या शेजारी बसतो, पण डोळे तपासत नाही. सुरुवातीला फार जड गेलं, तिला मी दुष्ट वाटलो असेन. तरी हळूहळू तिचं विचारणं कमी झालं.

घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे, सोबत द्या. खात्री द्यायच्या मागे लागू नका, ती आपल्याकडे नसतेच.

अर्धविराम

उंबर, +१. 'यादीतलं असेल तर एक शब्द न बोलता गाडी काढायची' हे फार महत्त्वाचं. आपलं ऐकलं जाईल हा भरवसा असला की सारखं विचारायची गरज कमी होते.

गवतफूल

मला गोळ्यांबद्दल विचारायचंय. दुखेल या भीतीनंच मी गोळी आधी घेऊन ठेवते. बाहेर जायचं असलं की एक, झोपताना एक. ही पण भीतीतलीच सवय ना?

स्टेथो

होय, आणि ही सवय शरीरालाही महागात पडते. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या), अफूजन्य किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. मग दुखणं वाढलं म्हणून भीती वाढते, भीती वाढली म्हणून गोळी. किती दिवस घेता ते कॅलेंडरवर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. मनानं एकदम बंद करू नका. काही गोळ्या टप्प्याटप्प्यानं सोडाव्या लागतात आणि पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं. ते आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

नोंदवही सगळ्यांनाच उपयोगी, पण चिंता असणाऱ्यांनी दिवसातून एकदाच, रात्री, दोन ओळी लिहाव्यात: दुखलं का, किती, गोळी घेतली का. तासातासाला लिहिलं तर तेही तपासणंच होतं.

पाऊलवाट

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. उशिरा येतेय, पण मोठं लिहिणार आहे.

आरोग्याच्या चिंतेवर संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, चांगला चालतो. 2014 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका चाचणीत रुग्णालयाच्या वेगवेगळ्या ओपीडींत येणारे 444 रुग्ण होते. 5 ते 10 सत्रांच्या उपचारानं त्यांची चिंता नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट कमी झाली आणि तो फरक पुढेही टिकला. काहींना सोबत औषधांची गरज लागते. ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील, आणि अर्धशिशीचे डॉक्टर व ते एकमेकांशी बोलले तर उत्तम.

सत्रांत काय करतो याची थोडी कल्पना देते. एक साधा प्रयोग आधी करतो. डोळे मिटून फक्त उजव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्यायचं. थोड्याच वेळात तिथे मुंग्या, ऊब, दाब असं काहीतरी जाणवू लागतं. ते आधीही होतं, लक्ष नव्हतं. दिवसभर डोक्यावर पहारा दिला तर डोकं काही ना काही सांगणारच, हे व्याख्यानापेक्षा या प्रयोगानं लवकर पटतं.

मग तपासणं हळूहळू कमी करायचं. निशिगंध, तुमच्या यादीत आरसा, हात वर धरणं, बीपी आणि मोबाइल आहे. चारही एकदम सोडू नका. जे सर्वांत सोपं वाटेल ते आधी घ्या, आणि सोडण्याऐवजी पुढे ढकला. 'आत्ता नाही, अर्ध्या तासानं.' त्या अर्ध्या तासात भीती चढते, थबकते आणि बहुतेकदा न तपासताही उतरू लागते. हे स्वतः अनुभवायचं असतं, कोणी सांगून होत नाही. ढकलण्याचा हा नियम डॉक्टरांनी दिलेल्या धोक्याच्या यादीबाहेरच्या लक्षणांनाच लागू. त्या यादीतलं काही असेल तर अर्धा मिनिटही थांबायचं नाही.

टाळणं हा दुसरा भाग, याबद्दल कमी बोललं जातं. 'डोक्यात काहीतरी फुटेल' म्हणून लोक जिने चढत नाहीत, जोरात हसत नाहीत, एकट्यानं प्रवास करत नाहीत, मेंदूच्या आजाराची बातमी आली की चॅनेल बदलतात. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं असेल तर हे एकेक करून परत सुरू करायचं. चालणं, व्यायाम, ठरावीक वेळी झोप, ठरावीक वेळी जेवण यांचा अर्धशिशीलाही फायदा होतो.

आणि सर्वांत कठीण: शंभर टक्के खात्री मिळणार नाही, हे मान्य करणं. कोणालाच मिळालेली नाही. 'मला काहीही झालेलं नाही' हे स्वतःला पटवायच्या मागे लागलं की मन फटी शोधतं. 'शक्यता अगदी कमी आहे, आणि माझं ठरलेलं आहे की कशात दाखवायचं' या वाक्यावर थांबायला शिकायचं.

नेटवर शोधण्याबद्दल थोडं. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉरविट्झ यांनी दाखवून दिलं की साध्या लक्षणांपासून सुरू झालेला शोध सहज गंभीर आजारांवर जाऊन पोचतो. डोकेदुखी आणि ट्यूमर हे त्यांचंच उदाहरण होतं. शोधनिकालांत दुर्मिळ आजार जितक्या वेळा समोर येतो त्यावरून मन त्याची शक्यता ठरवतं, आणि तो अंदाज भलताच चुकतो.

रानवारा

खूप शिकायला मिळालं. निशिगंधताई, घरी माझ्या भावाला असंच होतं. त्याला उंबर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो बराच वेळ बोलत होता.

निशिगंध

सगळ्यांची ऋणी आहे. मधे उत्तर दिलं नाही, कारण आधी डॉक्टरांकडे जाऊन यायचं ठरवलं होतं. पहाटेचं दुखणं त्यांना विचारलं. अर्धशिशी पुष्कळदा पहाटेच सुरू होते, माझी तऱ्हा जुनीच आहे, त्यामुळे आत्ता स्कॅनची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढची भेट ठरवून दिली आहे, दुखलं तरी आणि नाही दुखलं तरी जायचं. ही कल्पना मला फार आवडली. डॉक्टरांकडे जाण्यासाठी आता आधी घाबरलेलं असावं लागत नाही.

त्यांच्याकडून कागद लिहून घेतला. कपाटाच्या दाराला आतून लावलाय. ज्यांना हवा त्यांनी आपापल्या डॉक्टरांकडून असाच लिहून घ्यावा, माझा तसाच उचलू नये:

'लगेच रुग्णालयात: मिनिटाच्या आत शिखर गाठणारं दुखणं. लुळेपणा, बोलण्यात अडखळ, झटका, शुद्ध हरपणं, दिसेनासं होणं. ताप आणि ताठ मान. डोक्याला मार.
दोन दिवसांत फोन: 72 तासांच्या वर टिकलेला ठणका. उलट्यांमुळे पाणीही न टिकणं असेल तर त्याच दिवशी. नेहमीपेक्षा ठळकपणे वेगळी तऱ्हा.
बाकी सगळं: गोळी, अंधार, झोप. आरसा नाही, यंत्र नाही.'

बीपीचं यंत्र उंबर यांच्यासारखं घरच्यांशी बोलून आईकडे ठेवायला दिलं. परवा ठणका आला तेव्हा आरशाकडे जायची फार ओढ झाली. अर्धा तास ढकललं. भीती गेली नाही, पण गोळीनं झोप लागली आणि आरशाचं राहूनच गेलं. समुपदेशकांकडे नाव नोंदवलंय.

पाऊलवाट

भीती असतानाही तपासलं नाहीत, हेच तर करायचं असतं. भीती लगेच जावी अशी अट घालू नका. मधेच एखाद्या वेळी तपासलंत तर पुढच्या ठणक्याला परत ढकलायचं.

गवतफूल

निशिगंध, तुमचा कागद आईला दाखवला, ती सत्तरीच्या जवळ आहे. तिचं डोकं हल्ली कानशिलापाशी दुखतं, आधी कधी दुखायचं नाही. तीही माझ्यासारखी घाबरट, म्हणून मी तिला 'बाकी सगळं' या ओळीत टाकत होते. केस विंचरतानाही दुखतं म्हणते, आणि चावताना जबडा भरून येतो.

स्टेथो

गवतफूल, हे त्या ओळीत टाकू नका. हा नवा त्रास आहे, वय पन्नाशीच्या पुढचं आहे, कानशील हळवं आहे आणि चावताना जबडा दुखतो. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आली तर असं होतं, आणि वेळेत औषध सुरू झालं नाही तर दृष्टी जाऊ शकते. तेच असेल असं मी इथून म्हणू शकत नाही, पण आजच दाखवायला हवं. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांचं विचारा. नजर अंधुक झाली किंवा एकाची दोन दिसू लागली तर थेट इमर्जन्सीत न्या.

गवतफूल

फोन केला, दुपारची वेळ मिळाली आहे. तिला घेऊन निघतेय.